व्हर्नाबाईंचा स्टॉल स्पीड

रविवारची प्रार्थना आटोपली, व्हर्नाबाईंनी चर्चच्या आवारातून गाडी काढायला घेतली, आणि वॉलनट फोर्क गावातल्या निम्म्या लोकांनी माना वर करून आकाशात विमान शोधलं.

विमान नव्हतंच. व्हर्नाबाईंची फिकट निळी, बोटीएवढी लांब गाडी जागच्या जागी उभी राहून गर्जत होती. बाईंनी पाय थोडा आणखी दाबला. गर्जना वाढली, गाडी ढिम्म. बाईंनी अजून दाबला. मग गाडीला एकदम आठवलं की आपल्याला चाकं आहेत. ती सुटली, आणि पाद्री हॉलिससाहेबांनी पोटच्या पोरीसारखी वाढवलेली पेटुनियाची फुलझाडं मधोमध चिरून पलीकडे जाऊन थांबली. हॉलिससाहेब स्वतः कुंपणावर चढले होते. त्यांना इतकं चपळ गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"आईनं ब्रेक आणि गॅसचं पेडल एकदम दाबलं!" व्हर्नाबाईंची मुलगी डार्ला ओरडली.

"मी म्हणत नव्हतो?" तिचा भाऊ रॉयस म्हणाला. रॉयस विमा विकायचा, त्यामुळे अपघात झाला की त्याचा चेहरा दुःखी आणि आवाज समाधानी व्हायचा. "एप्रिलमध्ये टपालपेटी, आज पेटुनिया. उद्या कोण? बुधवारी दहाला तिची लायसन्सची परीक्षा आहेच. नापास झाली की किल्ल्या माझ्या खिशात. आणि पास झाली तरी तिच्याशी बोलावं लागणारच."

व्हर्नाबाई गाडीतून उतरल्या. वय एकोणऐंशी, उंची पाच फूट, आणि शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं चारशे पोरांना जेवू घातल्यामुळे आवाज असा की चर्चमध्ये माईक लागायचा नाही.

"ब्रेकवर माझा पाय नव्हता," त्या म्हणाल्या.

"बरं, आई," डार्ला म्हणाली. लहान मुलानं भूत पाहिलं म्हटल्यावर म्हणतात ना, त्या सुरात.

तो 'बरं' व्हर्नाबाईंना लागला. त्यांच्या गल्लीत पाच म्हाताऱ्या राहायच्या. एकीला डॉक्टरकडे, दुसरीला केस सेट करायला, तिसरीला नुसतं हिंडवून आणायला, सगळ्यांना नेणारी गाडी ही एकच. किल्ल्या गेल्या तर एक नाही, सहा बायका घरात बसणार होत्या.

या सगळ्या गोंधळात एक माणूस हातात अर्धा डोनट धरून पुतळ्यासारखा उभा होता. तो व्हर्नाबाईंचा जावई, लॉनी प्रुइट. वय बावन्न, धंदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीचा, छंद लोकांच्या खोड्या काढण्याचा. एकदा त्यानं रॉयसच्या गाडीच्या चाकाच्या झाकणात चार खडे टाकून ठेवले होते. रॉयसनं तो खडखडाट बंद व्हावा म्हणून चार महिन्यांत दोनदा सस्पेन्शन बदललं. बायको डार्लाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला लॉनीनं अंगणात 'घर विकले' अशी पाटी ठोकली होती.

पण आत्ता लॉनी हसत नव्हता. तो ऐकत होता. इंजिन वर गेलेलं आणि गाडी मागे राहिलेली, हा आवाज तीस वर्षं त्याच्या कानावरून गेला होता. हा पायाचा दोष नाही. हा इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कन्व्हर्टरचा आवाज आहे. आणि तोसुद्धा म्हातारीच्या गाडीतल्या कन्व्हर्टरचा नाही, शर्यतीच्या गाडीतल्या कन्व्हर्टरचा.

मग त्याला शुक्रवार आठवला, आणि डोनट हातातून पडला.

त्याचं झालं होतं असं. लॉनीचा गॅरेजमधला भागीदार बर्ल स्टॅम्पर. हाताचे पंजे फावड्याएवढे आणि तोंड त्याहून मोठं. गेली कित्येक वर्षं बर्ल सांगत फिरायचा, "कुठलाही टॉर्क कन्व्हर्टर हातात द्या. नुसत्या वजनावरून सांगतो कुठल्या गाडीचा आहे." शुक्रवारी गॅरेजमध्ये दोन कन्व्हर्टर येऊन पडले. एक व्हर्नाबाईंच्या गाडीसाठी, साधा. दुसरा लॉनीच्या शर्यतीच्या लाल गाडीसाठी, मुद्दाम बनवून घेतलेला. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं, एकाच मापाची, वेल्डिंग करून बंद केलेली लोखंडी पोटं. फरक सगळा पोटात. ओळखायची खूण एकच, दोऱ्यानं बांधलेला कागदी टॅग.

लॉनीनं टॅगची अदलाबदल केली.

बेत सोपा होता. चार गिऱ्हाइकं जमली की बर्लला कन्व्हर्टर उचलायला लावायचा, तो टॅग वाचून वजनाचं नाटक करणार, मग त्याची फजिती. पण तेवढ्यात हायवेवर कुणाची गाडी बंद पडल्याचा फोन आला. लॉनी ट्रक घेऊन गेला तो चार तासांनी परतला. बर्लनं तोवर टॅग वाचून दोन्ही गाड्यांत एकेक कन्व्हर्टर बसवून टाकला होता.

"उद्या तुझी शर्यत, परवा तुझ्या सासूचं चर्च," बर्ल म्हणाला होता. "म्हटलं, मित्राला मदत करावी. काढ बिअर."

लॉनीनं आनंदानं बिअर काढली. टॅग तो साफ विसरला.

शनिवारी शर्यतीच्या पट्टीवर त्याची लाल गाडी दिवा हिरवा झाल्यावर दुभत्या गायीसारखी उठली, तेव्हासुद्धा त्याची ट्यूब पेटली नाही. त्यानं रात्रभर कार्ब्युरेटर खोलला. आता चर्चच्या आवारात दोन्ही कोडी एकदम सुटली, आणि सुटली ती थेट त्याच्या डोक्यात पडली.

सोमवारी संध्याकाळी लॉनी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात हजर झाला. बेत असा की गाडी गुपचूप न्यायची, कन्व्हर्टर बदलायचा, कुणाला काही सांगायचं नाही. बर्लला कळलं तर पुढची वीस वर्षं तो तेच ऐकवणार.

"आई, गाडी एक दिवस देता? तेल बघतो जरा."

व्हर्नाबाई हातात धरायच्या विजेच्या मिक्सरनं केकचं पीठ फेटत होत्या. शेजारी एक वही उघडी होती. वहीत लिहिलं होतं: 'हलका पाय, आवाज मोठा, गाडी हलत नाही. मध्यम पाय, आवाज फार मोठा, गाडी हलते. एकदा पळू लागली की शहाणी.'

"आधी मला समजू दे," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं गाडी चालवतेय. दिवसभर सहा जणांना विचारलं. औषधाच्या दुकानातला म्हणतो हवा दमट आहे. शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणतो इंजिनात उंदीर. तुझं काय म्हणणं? इंजिन फिरतंय तर चाक का फिरत नाही?"

इथे लॉनीची अडचण झाली. माणूस खोडकर होता, पण गिअरबॉक्सचा प्रश्न कुणी मनापासून विचारला की उत्तर दिल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

"कसंय आई, ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून नसतात. मध्ये एक गोल डबा असतो, तेलानं भरलेला. आत दोन पंखे, तोंडाला तोंड लावून. एक इंजिन फिरवतं. तो तेल घुसळून दुसऱ्याच्या अंगावर फेकतो. त्या तेलाच्या माऱ्यानं दुसरा फिरायला लागतो, आणि तो चाकं फिरवतो."

व्हर्नाबाईंनी हातातल्या मिक्सरकडे बघितलं. मग भांड्याखाली ओट्यावर लोण्याचं बोट फिरवलं, भांडं वर ठेवलं, मिक्सरची पाती पिठात बुडवली आणि बटण दाबलं. पाती फिरली, पीठ फिरलं, आणि पिठाच्या मागोमाग भांडंसुद्धा ओट्यावर हळूहळू गोल फिरायला लागलं.

"असं?"

लॉनी बघतच राहिला. तीस वर्षं तो हे लोकांना हातवारे करून सांगत होता. "अगदी असंच!"

"आणि मी भांडं धरून ठेवलं तर?" त्यांनी डाव्या हातानं भांडं घट्ट दाबलं आणि बटण शेवटपर्यंत सरकवलं. पाती गरगरली. पण एका वेगाच्या पुढे जाईना. पीठ तिला आवळून धरत होतं.

"हाच!" लॉनी खुर्चीवरून उठलाच. "हाच स्टॉल स्पीड! चाकं ब्रेकनं दाबून धरायची, गॅस पूर्ण द्यायचा, आणि इंजिन जिथपर्यंत चढून अडकतं तो मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा. घट्ट कन्व्हर्टर म्हणजे घट्ट पीठ, आकडा कमी. सैल कन्व्हर्टर म्हणजे पातळ पीठ, आकडा जास्त. शर्यतीच्या इंजिनाचा जोर वरच्या फेऱ्यांत असतो, म्हणून आम्ही मुद्दाम सैल घालतो. इंजिन आधी वर चढतं, मग गाडी गोळीसारखी सुटते."

"आधी वर चढतं, मग सुटते," व्हर्नाबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी वही पुढे ओढली. "पेटुनियावरून गेली तशी."

लॉनी परत खुर्चीत बसला.

"लॉनी, माझ्या गाडीचा आकडा किती असायला हवा?"

"अठराशेच्या आसपास," लॉनी ओट्याकडे बघत म्हणाला.

"आणि आहे किती?"

या बाईंनी एकतीस वर्षं पोरांच्या खिशातून चोरलेल्या कुकीज काढल्या होत्या. त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. त्यानं टॅगपासून डोनटपर्यंत सगळं भडाभडा ओकलं.

व्हर्नाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पातीवरचं पीठ बोटानं पुसून चाखलं.

"म्हणजे माझा पाय ठीक आहे."

"एकदम ठीक. दोष माझा. उद्या सकाळी बदलून देतो."

"हात लावशील तर खबरदार! तो डबा बाहेर आला की पुरावा गेला. मग सगळे म्हणणार, म्हातारीचं वय झालं आणि जावयानं सांभाळून घेतलं. आधी हे डार्लाला आणि रॉयसला सांग. तुझ्या तोंडानं."

लॉनीनं मंगळवारी सांगितलं. आणि इथेच त्याला आयुष्यभराच्या खोड्यांचं बिल एकदम आलं.

डार्ला पोट धरून हसली, मग डोळे पुसले. "किती गोड आहेस रे तू. आईसाठी एवढं खोटं रचलंस."

"खोटं नाही गं! टॅग मीच बदलले!"

"हो हो. आणि आपलं घरही विकलं होतं."

रॉयसनं फोनवर ऐकून घेतलं. "चाकाच्या झाकणात खडे कुणी टाकले होते, लॉनी?"

"मी."

"मी तेव्हा विचारलं तर काय सांगितलं होतंस?"

"सस्पेन्शन गेलंय म्हणून."

"मग आता बोलू नकोस," म्हणून रॉयसनं फोन ठेवला.

शेवटचा आधार बर्ल. तो साक्षीदार होता, कन्व्हर्टर त्यानंच बसवले होते. पण लॉनीचं ऐकून बर्लची मान लाल झाली.

"म्हणजे शर्यतीचा कन्व्हर्टर या दोन हातांनी उचलला आणि मला कळलं नाही, असं म्हणायचंय तुला?"

"टॅग बघून तू..."

"मी टॅग बघत नाही! मी वजन बघतो! तुझ्या सासूच्या गाडीत तिचाच कन्व्हर्टर आहे, मी चर्चमध्ये शपथ घेऊन सांगीन."

लॉनी कपाळाला हात लावून बसला. खोटं बोलला तेव्हा गावानं डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि खरं बोलायला लागल्यावर घरची माणसंसुद्धा हसायला लागली.

"ठीक आहे," रात्री व्हर्नाबाईंनी फोनवर ऐकून सांगितलं. "तुझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवू नये हे मलाही पटतं. उद्या नऊला सगळ्यांना चर्चच्या आवारात बोलाव. आणि तो फेऱ्या मोजायचा काटा घेऊन ये."

बुधवारी नऊ वाजता आवारात जत्रा भरली होती. डार्ला, रॉयस, बर्ल, गल्लीतल्या पाचही म्हाताऱ्या घडीच्या खुर्च्या घेऊन. हॉलिससाहेब आले होते, पण ओकच्या झाडामागे उभे होते. लॉनीनं इंजिनाला वायर जोडून काटा बर्लच्या हातात दिला. बर्लनंच आकडा वाचायचा, म्हणजे कुणाला शंका नको.

"रॉयस, माझ्या शेजारी बस," व्हर्नाबाई म्हणाल्या. "आणि माझ्या पायांकडे बघ. डावा ब्रेकवर. उजवा गॅसवर. मी मुद्दाम दोन्ही दाबणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा. पाच सेकंदांच्या वर नाही, नाहीतर आतलं तेल करपतं. पीठसुद्धा जास्त घुसळलं की तापतं."

त्यांनी गाडी ड्राइव्हमध्ये टाकली. डावा पाय रोवला, उजवा तळाला नेला.

गाडी शेपटीवर बसली आणि गर्जायला लागली. झाडावरचे पक्षी उडाले. रॉयसनं सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "एक... दोन... तीन... चार," व्हर्नाबाईंनी खणखणीत आवाजात मोजलं, पाय उचलला, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि तेल निवायला इंजिन तसंच चालू ठेवलं. "किती, बर्ल?"

बर्ल काट्याकडे बघत राहिला. "सत्ताविसशे."

"असायला हवेत किती?"

"अठराशे," बर्ल पुटपुटला. मग बुडत्याला काडी सापडली. "पण थांबा! शर्यतीच्या कन्व्हर्टरच्या टॅगवर पस्तीसशे होतं! हा सत्ताविसशे. म्हणजे हा तो नव्हेच!"

सगळ्यांनी लॉनीकडे बघितलं. लॉनी तोंड उघडणार तेवढ्यात व्हर्नाबाई खिडकीतून बाहेर वाकल्या.

"बर्ल, तुझ्या बायकोचा मिक्सर केवढा आहे?"

"अं? मोठा. ओट्यावरचा."

"माझा हातातला, लहान. एकाच पिठात दोन्ही घातले तर तिची पाती जास्त फिरणार की माझी?"

"तिची."

"मग पस्तीसशे हा लॉनीच्या मोठ्या इंजिनाचा आकडा. माझं इंजिन बिचारं सत्ताविसशेतच दमतं. आकडा नुसत्या डब्याचा नसतो रे, डबा कोण घुसळतंय त्यावर असतो. माणसाच्या रागासारखंच आहे. तो किती चढतो ते समोर डिवचणारा कोण आहे यावर."

पाच म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बर्लनं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"मला तेव्हाच जरा हलका वाटला होता," तो म्हणाला.

रॉयस गाडीतून उतरला. दार मात्र सोडलं नाही. "तिचे पाय बरोबर आहेत," तो डार्लाला म्हणाला. "माझेच नाहीयेत."

दहाला परीक्षा झाली, त्याच गाडीत. परीक्षक होत्या टॅकेटबाई. त्यांना हसताना त्यांच्या नवऱ्यानंही पाहिलं नव्हतं म्हणे. व्हर्नाबाईंनी गॅसवर पाय असा ठेवला जसं केक आत असताना ओव्हनचं दार उघडतात. इंजिन गुरगुरलं, त्या थांबल्या, पिठानं भांडं धरलं, गाडी लोण्यासारखी निघाली.

"ही एवढा आवाज का करते?" टॅकेटबाईंनी विचारलं.

ही चूक झाली. व्हर्नाबाईंनी पुढची अकरा मिनिटं दोन पंखे, तेल, मिक्सर आणि जावई असं सगळं समजावलं. परत आल्या तेव्हा टॅकेटबाई कागदाच्या मागच्या बाजूला भांड्याचं चित्र काढत होत्या. समांतर पार्किंग घ्यायचं त्या विसरल्या होत्या. लायसन्स मिळालं.

"आता द्या गाडी," लॉनी सुटकेचा श्वास सोडून म्हणाला. "संध्याकाळपर्यंत तुमचा कन्व्हर्टर तुम्हाला, माझा मला."

"शनिवारपर्यंत राहू दे," व्हर्नाबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे आमची ओळख होतेय."

"शनिवारी माझी शर्यत आहे!"

"माहितेय."

शनिवारी दुपारी लॉनी शर्यतीच्या पट्टीवर नाव नोंदवून रांगेत आला, आणि बाजूच्या रांगेत फिकट निळी बोट उभी. मागच्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं ठसठशीत लिहिलेलं: १८.७०. पाच म्हाताऱ्या कठड्यापाशी खुर्च्या टाकून बसल्या होत्या.

तिथली शर्यत अशी. पाव मैलाला आपल्या गाडीला किती सेकंद लागतील ते आपणच काचेवर लिहायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकानं आधी सोडतात. जो आधी पोचेल तो जिंकला, पण स्वतःच्या लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. थोडक्यात, वेगाला बक्षीस नाही. स्वतःला ओळखण्याला आहे.

लॉनीची लाल गाडी एरवी ११.४० ची. सासूबाईंचा कन्व्हर्टर पोटात असताना गेल्या शनिवारी तिला ११.९५ लागले होते. पण मधल्या काळात त्यानं कार्ब्युरेटर खोलून परत बसवला होता. बराच विचार करून, ती जरा मंदावली असेल असं धरून त्यानं १२.०० लिहिलं; जास्तच पळाली तर शेवटी पाय उचलायचा.

"आई, कुणी शिकवलं हे?" त्यानं खिडकीतून ओरडून विचारलं.

"बर्लनं. गुरुवारी आणि शुक्रवारी. वजनावरून तो फसला ते गावात कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं मी."

निळी बोट आधी सुटली. जवळजवळ पावणेसात सेकंद लॉनी दिव्याकडे बघत दात खात बसला. मग त्याचा हिरवा पेटला. गाडी गायीसारखी उठली, पण पुढे वेग घेत गेली. निळी शेपटी जवळ येत होती. जवळ येत होती. लॉनीच्या मनात आकडा राहिला नाही, फक्त ती शेपटी राहिली. गॅसवरचा पाय त्यानं उचललाच नाही. अगदी रेषेवर त्यानं तिला नाकभर मागे टाकलं, आणि सासूबाईंकडे बघून दोन्ही हात हलवले.

व्हर्नाबाईंनीही हात हलवला. त्यांच्या बाजूचा विजयाचा दिवा लागला होता.

फलकावर लिहिलं होतं: निळी, १८.७१. लाल, ११.९६. स्वतःच्या आकड्यापेक्षा चार शतांश लवकर. बाद.

लॉनी पार्किंगमध्ये आला तेव्हा सगळी माणसं जमली होती. रॉयस पहिल्यांदाच आनंदी चेहऱ्यानं आनंदी आवाज काढत होता. व्हर्नाबाईंनी लॉनीपुढे तळहात पसरला.

"किल्ल्या."

"कसल्या?"

"लाल गाडीच्या. ज्याला आपल्या गाडीचा आकडा माहीत नाही, ज्याच्या लक्षात राहत नाही की कुठला डबा कुठं घातला, त्यानं गाडी चालवावी का, यावर घरात बोलावं लागेल. काय रे रॉयस?"

"बोलावंच लागेल," रॉयस म्हणाला. "बर्ल आणेल लाल गाडी. तू पायांना विश्रांती दे, लॉनी."

लॉनीनं डार्लाकडे बघितलं. डार्ला म्हणाली, "बरं, लॉनी." अगदी त्याच सुरात.

तो मुकाट्यानं निळ्या गाडीत शेजारच्या सीटवर बसला. मागे तीन म्हाताऱ्या दाटीवाटीनं शिरल्या, उरलेल्या दोघी रॉयसच्या गाडीकडे गेल्या. एकीनं आपली ॲपल पायची थाळी त्याच्या मांडीवर ठेवली आणि नीट धर म्हणून बजावलं. व्हर्नाबाईंनी आरसा नीट केला, पाय हलकेच दाबला.

गाडी गर्जली, आणि फाटकावर तिकिटं फाडणाऱ्या माणसानं मान वर करून आकाशात बघितलं.